बोलावं तर कवा बोलावं?

आमच्या घरात 'आंतरराष्ट्रीय मदत' हे शब्द कधी कुणी उच्चारले नाहीत, पण ती मदत कशी लागते हे आजीला पक्कं ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिलो यायची. अमेरिकेतली ती लाल ज्वारी. भाकरी थापायला घेतली की तुटायची आणि पोटभर खाल्ली तरी ज्वारी खाल्ल्याचं समाधान नसायचं. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी त्यापेक्षा बरी, लेकरं ती कोरडीच बकाणा भरून खात. आजी मिलोला शेवटपर्यंत नावं ठेवत राहिली आणि 'पण तिनंच तगवलं' हेही म्हणत राहिली. मराठवाड्यातल्या बारक्या लेकराची जगाशी पहिली ओळख झाली ती अशी, तोंडातून.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत जगाची समज बरीच पुढे गेली. लेकराला पोटाखेरीज डोकं असतं आणि त्या डोक्याची बहुतेक बांधणी शाळेत नाव घालण्याच्या आधीच उरकते, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. जगाला हे पटलं त्यात एका छोट्या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. १९८६-८७ मध्ये जमैकाच्या किंग्स्टन शहरात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर या डॉक्टर बाईंनी गरीब वस्त्यांतली, वाढ खुंटलेली १२९ बाळं निवडली. वय ९ ते २४ महिने. त्यातल्या काहींच्या घरी आठवड्यातून एकदा, तासभर, आरोग्यसेविका जायची. पिशवीत घरीच बनवलेली खेळणी असायची, टाकाऊ वस्तूंची. बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं, हे ती आईला करून दाखवायची. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी ती मुलं शोधून काढली, तर भेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. २०१४ मध्ये हा निष्कर्ष छापून आला. अभ्यास करणाऱ्यांत नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन होते, त्यामुळे एरवी खुळखुळ्याकडे ढुंकूनही न बघणारे अर्थमंत्री कान देऊन ऐकू लागले.

पुढचं झपाट्याने झालं. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत बालपणासाठी वेगळं कलम आलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१६ च्या लेखमालेने हिशेब मांडला, की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली पाच वर्षांखालची २५ कोटी मुलं, म्हणजे शंभरातली ४३, त्यांच्या कुवतीइतकी वाढू न शकण्याच्या धोक्यात आहेत. मे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी मिळून संगोपनाचा आराखडा आणला. त्यात पाच गोष्टी: आरोग्य, पोषण, सुरक्षितता, शिकायची संधी, आणि बाळाच्या खुणा ओळखून त्याला प्रतिसाद देणारं सांभाळणं. बाळाने हुंकार दिला की आपणही द्यायचा, याला आता इंग्रजी नाव मिळालंय. बरंच झालं म्हणायचं. नाव मिळाल्याशिवाय अंदाजपत्रकात रकाना मिळत नाही.

हे सगळं बाहेरून आलं आणि आपण नुसते घेणारे, असं मात्र नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला आली. मराठवाड्याचाही यात हात आहे, जो आपण स्वतःच विसरलोय. २००२ च्या सुमारास औरंगाबादचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी इथल्या कुपोषणात लक्ष घातलं. लपवलेलं वजन खरं लिहा, खरं लिहिलं म्हणून कुणावर कारवाई होणार नाही, असा त्या कामाचा रोख होता. त्यातून २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं. देशातलं असं पहिलं मिशन, आणि कचेरी औरंगाबादेत. युनिसेफ पाठीशी होती. दोन वर्षांखालच्या खुजेपणाचं राज्यातलं प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होतं, ते २०१२ च्या पाहणीत २३ टक्क्यांच्या आसपास आलं. परदेशी अभ्यासक हे कसं झालं ते बघायला महाराष्ट्रात आले.

मग गाडी अडली. पाच वर्षांखालची खुजी मुलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत ३४ टक्के होती, पाचव्या फेरीत ३५. वयोगट वेगळा आहे, मागच्या आकड्याशी थेट तुलना करू नये, हे मान्य. पण दोन फेऱ्यांच्या मधल्या चार-पाच वर्षांत काहीच हललं नाही, एवढं तर दिसतंच.

का हललं नाही, याची कारणं पुष्कळ असतील. मला त्यातलं एकच धरायचंय, कारण ते आमच्या दाराशी आहे.

बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या एका अंगणवाडीत दिवाळीच्या आधी गेलो होतो. भिंतीवर नवं चित्र लावलेलं: आई, मांडीवर बाळ, खाली मोठ्या अक्षरांत 'बाळाशी बोला, बाळाशी खेळा'. चित्रातली आई नऊवारीत, केसांत गजरा. टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराची, पाकिटं घ्यायला बाया आल्या होत्या. सेविका मोबाइल धरून एकेकीचा चेहरा टिपत होती, नेट जात होतं, पुन्हा 'इकडं बघा' चाललं होतं. तेवढ्यात एकीने चित्राकडे बोट करून सेविकेला म्हटलं, "ताई, बोलावं तर कवा बोलावं? लेकरू उठायच्या आधी मी फडात, अन् मी येते तवर लेकरू झोपलेलं." बाकीच्या हसल्या. सेविकाही हसली. आठ दिवसांनी त्या बाईची टोळी ऊसतोडीला निघणार होती.

त्या बाईला मी पुन्हा पाहिलं नाही, पण तिच्यासारख्या बऱ्याच जणींना फेब्रुवारीत भीमेच्या काठच्या एका फडावर पाहिलं. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. ट्रॉली उभी, तिच्या चाकाजवळ सावलीचा एक पट्टा, आणि ट्रॉलीच्या खालच्या लोखंडाला बांधलेली लुगड्याची झोळी. झोळीत सहा-सात महिन्यांचं बाळ. शेजारी पाचटावर सातेक वर्षांची बहीण बसलेली. एका हातात उसाचं कांडं, दुसऱ्या हातात झोळीची दोरी. बाळ रडलं की दोरी ओढायची, तरी थांबलं नाही तर बिस्किट पाण्यात बुडवून बोटाने चाटवायचं. आई शंभर-दीडशे पावलांवर मोळ्या बांधत होती. तासाभरात ती एकदाच आली, ट्रॉलीच्या आडोशाला बसून पाजलं, आणि पुन्हा मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढली. मला त्या बाळाच्या गालावरची तीट आठवते. ताजी होती, गोल, नेमकी. चारला उठून, अंधारात, चूल आणि भाकरी उरकून, त्या बाईने तीट लावायला वेळ काढला होता. तिला संगोपनावर प्रशिक्षण द्यायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं?

माझं म्हणणं सगळं इथे आहे. जगाने आईला शिकवण्यावर पैसा घातला, तिला वेळ मिळवून देण्यावर घातला नाही. जमैकाच्या प्रयोगातली आई गरीब होती, पण सेविका दारात आली तेव्हा ती घरी होती. सगळा आराखडा त्या गृहीतावर उभा आहे: घर असेल, घरात आई असेल, आणि तिच्याकडे तासभर असेल. आमच्याकडच्या कोयत्याला यातली एकही गोष्ट लागू पडत नाही. हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकराला त्यात आकडाच नाही.

साधा हिशेब करून बघा. गर्भ राहिल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे हजार दिवस मोलाचे, असं जग सांगतं. गाळपाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलात संपतो, धरून चाला पाच महिने. हजार दिवसांत असे पावणेतीन हंगाम पडतात, म्हणजे चारशेच्या आसपास दिवस फडावर. २०१८ पासून आशाताईंनी बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जायचं ठरलंय. योजना उत्तम. पण बाळ ऑगस्टात जन्मलं असेल तर तिसरा महिना नोव्हेंबर, सहावा फेब्रुवारी, पंधरावा पुन्हा नोव्हेंबर. पाचातल्या तीन भेटींना कुलूप. बाळाला वरचं अन्न सुरू करायचा जो नेमका सहावा महिना, तो पाण्यातल्या बिस्किटावर जातो.

आरंभ नावाचा कार्यक्रम औरंगाबाद आणि यवतमाळ जिल्ह्यांत सुरू झाला, शून्य ते तीन वयाच्या मुलांसाठी. युनिसेफ, राज्याचा बालविकास विभाग आणि सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय यांनी मिळून केलेलं काम. त्यातल्यासारख्या एका पालक मेळाव्यात मी गडी माणसं लेकरापुढे मांडी घालून डबे वाजवताना पाहिलीत. जे गावात असतात त्यांच्यासाठी हे फार चांगलं आहे, त्याची टिंगल करायचा माझा हेतू नाही. बाप लोक एवढे लाजत लाजत खेळतात की बघत राहावं. प्रश्न गाव रिकामं झाल्यावरचा आहे.

खरं तर जगाने हे आधीच लिहून ठेवलंय, फक्त ते पान कुणी उघडत नाही. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. त्याच्या अठराव्या कलमात स्पष्ट म्हटलंय, की काम करणाऱ्या आईबापांच्या मुलांना सांभाळाच्या सोयींचा लाभ मिळावा यासाठी सरकारांनी पावलं उचलावीत. म्हणजे पाळणाघर ही सरकारची मेहेरबानी नव्हे, आपण कबूल केलेली गोष्ट आहे. पण पुढे मोजमापाची वेळ आली तेव्हा हे कलम मागे पडलं. शाश्वत विकासाच्या त्या कलमाची मापं दोन: दोन ते पाच वर्षांची मुलं वाढीच्या वाटेवर आहेत का, आणि शाळेत जाण्याच्या आधीच्या वर्षी ती शिकायला कुठे जातात का. झोळीतलं सहा महिन्यांचं लेकरू दोन्हींत बसत नाही. २०२२ मध्ये ताश्कंदला देशांनी जाहीरनामा केला, शिक्षणखर्चाचा किमान दहावा हिस्सा पूर्वप्राथमिकवर घालावा. तेही तीनच्या पुढचं. पैसा बघता बघता शाळेसारख्या दिसणाऱ्या गोष्टींकडे वाहतो, कारण शाळेचं उद्घाटन करता येतं. झोळीचं काय करणार?

आपले कायदे तर मजेशीर आहेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पन्नासपेक्षा जास्त, आणि १९७६ च्या दुरुस्तीपासून तीसपेक्षा जास्त, बायका कामाला असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं केलं. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा दिली आणि ५० माणसांच्या आस्थापनेला पाळणाघर लावलं. साखर कारखान्याच्या एका हंगामात हजारो बायका ऊस तोडतात. त्यातली एकही त्याची कामगार नाही. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा कोयत्याशी, आणि तोही उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशाच्या, चिठ्ठीवर. मालक शोधायला गेलं तर कांद्यासारखं एकेक साल निघत जातं. बाळंतपणाची रजा सोडाच, एक दिवस खाडा झाला तर दंड. बीडच्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ मध्ये जगभर गेली. सरकारी समितीने ८२,३०९ बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. खाड्याची भीती हे त्यामागचं एक कारण, असं बायका स्वतः सांगत होत्या. त्यानंतर त्यांच्या आरोग्यतपासणीचे नियम झाले. लेकरांचं काही झालं नाही.

विशेष म्हणजे आपल्याला हे सुचत नाही अशातला भाग नाही. बहात्तरच्या दुष्काळातून आलेल्या रोजगार हमीत कामाच्या जागी सावली, पाणी आणि लेकरांच्या सांभाळाची सोय धरलेली होती. २००५ च्या केंद्राच्या कायद्यातही ती आली: सहा वर्षांखालची पाच मुलं कामावर असतील तर त्यांना बघायला एक बाई, आणि तिला इतरांइतकीच मजुरी. कागदावर का होईना, खडी फोडणाऱ्या बाईच्या लेकराची सरकारने दखल घेतली. उसातल्या बाईच्या नाही.

यावर ऐकून ऐकून पाठ झालेली उत्तरं आहेत. पहिलं, लेकरं आजीकडे ठेवावीत, वसतिगृहं आहेत ना. संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहं निघाली ती चांगलीच गोष्ट, पण ती शाळकरी पोरांची. अंगावर पिणारं बाळ वसतिगृहात कोण घेणार? दुसरं, आता तोडणी यंत्रं येतायत, हा प्रश्न आपोआप मिटेल. यंत्रं येतायत खरी. पण शिरूर, पाटोदा, धारूरच्या डोंगरपट्ट्यात पाणी येणार आहे का? नसेल तर त्या बायका वीटभट्टीवर जातील आणि झोळी तिथे बांधली जाईल. तिसरं उत्तर अॅपचं. स्थलांतरितांचा माग ठेवायला राज्याने अॅप काढलं, त्यामागचा हेतू चांगला आहे. नाव या अंगणवाडीतून त्या अंगणवाडीत जातं. पण टोळीच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, गावाबाहेर दोन-तीन किलोमीटरवर असतात, आणि ट्रॅक्टरच्या टोळीचा मुक्काम ऊस संपला की हलतो. नाव पोहोचतं, लेकरू पोहोचत नाही.

मग करायचं काय? केंद्राची पाळणा योजना आहे, देशभर १७,००० अंगणवाडी-नि-पाळणाघरांची. महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. हे वेळापत्रक शहरात धुणीभांडी करणाऱ्या बाईला कदाचित जमेल. फडावर चारला दिवस सुरू होतो, आणि गाडी भरायची वेळ रात्रीही येते. त्यामुळे तीच योजना पहाटेची करावी लागेल. सुरुवात सोपी आहे. बैलगाडी आणि टायरगाडीवाल्यांचा तळ कारखान्याजवळच हंगामभर पडलेला असतो, शेकडो कोप्या एका ठिकाणी. तिथे आधी करा. फिरत्या टोळ्यांचं नंतर बघू. सांभाळायला बाहेरून बाई नको. टोळीबरोबर आलेली, आता कोयता न झेपणारी एखादी म्हातारी असतेच, तिला आणि एखाद्या तरण्या पोरीला पगार द्या. दिल्लीत १९६९ पासून मोबाइल क्रेशेस ही संस्था बांधकामाच्या जागांवर हेच करते आहे.

पैशाचा अंदाज माझा मीच केलाय, चूक असेल तर कुणीही दुरुस्त करावा. महिना १२,००० रुपयांनी दोन बायका, पाच महिने, झाले १ लाख २० हजार. पत्र्याचं शेड, पाणी, आहार, चार खेळणी धरून एका पाळणाघराला अडीच लाख. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याने टनामागे १० रुपये काढले तर ५० लाख होतात, म्हणजे वीस पाळणाघरं. ऊसतोड कामगार महामंडळासाठी टनामागे १० रुपये घ्यायचं सरकारने ठरवलेलंच आहे. त्यातून आजवर काय काय झालं, हा वेगळ्या लेखाचा विषय.

आणि इथेच मला आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्यांना एक गोष्ट सांगायची आहे. जग आमच्या लेकरापर्यंत दोन वाटांनी येतं. एका वाटेने तक्ते, प्रशिक्षण आणि आराखडे येतात. दुसऱ्या वाटेने साखरेचं गिऱ्हाईक येतं. महाराष्ट्राची साखर शीतपेयांच्या जागतिक कंपन्या घेतात. पहिल्या वाटेवरची माणसं दुसऱ्या वाटेवरच्यांशी बोलताना दिसत नाहीत. युनिसेफने अंगणवाडीच्या भिंतीवर आणखी एक चित्र लावण्यापेक्षा साखर घेणाऱ्याला विचारावं, तुमच्या पोत्यामागे किती झोळ्या आहेत? हा प्रश्न मुकादमाला विचारून उपयोग नाही, तो स्वतःच उचलीत बुडालेला असतो. तो ज्याला विचारायचा त्याचं कार्यालय आमच्या आवाक्यात नाही, त्यांच्या आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० च्या निमित्ताने महिलांच्या डब्ल्यू-२० गटाची पहिली बैठक संभाजीनगरात झाली. देशोदेशीच्या बायका आल्या, शहराच्या भिंती रंगल्या, आम्हालाही बरं वाटलं. चर्चा महिलांच्या नेतृत्वाखालच्या विकासाची होती. हंगाम ऐन भरात होता. मराठवाड्यातल्या ज्या बायकांवर बोलायला हवं होतं, त्यातल्या कितीतरी तेव्हा मराठवाड्यातच नव्हत्या.

मागणी फार मोठी नाही. साखर आयुक्त दरवर्षी कारखान्यांना गाळप परवाना देतात, तो देताना अटी घालतात, थकीत एफआरपीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या उसाच्या ठरलेल्या किमान भावाचा, हिशेब मागतात. त्यात एक ओळ वाढवावी: तळावर पाळणाघर, पहाटे चारपासून. परवान्याचे अर्ज पावसाळा सरता सरता जातात. उचल त्याच्या कितीतरी आधी वाटून झालेली असते, आणि ती घेताना बायको गरोदर आहे का, हे मुकादम न चुकता विचारतो.